उलटा हात

प्रभंजनरावांच्या गालावर दाढीचे खुंट कुणी पाहिले नव्हते. धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून त्यांची हयात गेली. रोज सकाळी आधी केसांच्या वळणाने सरळ हात, मग पुन्हा फेस लावून हनुवटीखालून वर उलटा हात, हा क्रम मुलीच्या लग्नाच्या धांदलीतही चुकला नव्हता. कोर्टात त्यांचा गुळगुळीत चेहरा जेवढा ठाऊक होता, तेवढीच त्यांची आठवणशक्ती. कुठल्या खटल्याचे कागद कुठल्या कपाटात, हे कारकून त्यांनाच विचारत आणि ते बसल्या जागेवरून सांगत.

निवृत्तीनंतर हृदयाची झडप बदलावी लागली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. ‘पात्याने दाढी करू नका, मशिन वापरा,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशिनने दाढी होई, पण हात उलटा फिरवला की तळव्याला काहीतरी टोचे. सावनीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, नवनगरातल्या घराची वास्तुशांत ठरली आणि त्यांनी मनाशी पक्कं केलं, त्या दिवशी तरी नीट दाढी करायची. बायकोला, जयलक्ष्मीबाईंना, न सांगता ते मळमड्डीतल्या घरातून निघाले आणि बसने हुबळीला, कोप्पीकर रोडवर गेले.

दुकानदाराने काचेवर चार-पाच सेफ्टी रेझर मांडले. प्रभंजनरावांनी एकेक हातात घेऊन तोलून पाहिला. एकाच्या कडेला दाते होते.

“उलटा हात मारणार ना सर? मग तो दात्यांचा बेडा, नकोच,” दुकानदार म्हणाला. “त्यात पातं जास्त उघडं राहतं. वाढलेल्या दाढीला ठीक आहे. तुम्हाला हा सरळ कडेचा बरा. डोकं जड आहे, दाबावं लागत नाही.”

प्रभंजनरावांनी तो हातात घेतला. दांडी लांब होती, खाचा असल्यामुळे ओल्या बोटांतूनही निसटली नसती. पातं कडेबाहेर जेमतेम दिसत होतं. हाच, असं त्यांना वाटलं. इतकं मनासारखं काही बऱ्याच दिवसांत हाती लागलं नव्हतं.

दुकानदार मात्र तो बांधून देईना. त्याने जरा घुटमळत विचारलं, “सर, मागे नेलात तो बरा नव्हता का? हाच होता की.”

“मी?”

“होय की. असंच सगळे बघून हाच घेतलात.”

“दुसरं कुणी असेल,” प्रभंजनराव हसून म्हणाले. दुकानदारही हसला आणि त्याने रेझर बांधून दिला. परतताना बसमध्ये ते दुकानदाराचा चेहरा आठवत बसले. माणूस ओळखीचा वाटत नव्हता. मनाला तेवढाच आधार होता.

घरी आल्यावर त्यांनी आपलं कपाट उघडलं. धोतरांच्या घडीमागे हात घातला, का घातला हे त्यांना सांगता आलं नसतं. बोटांना खोका लागला. तसाच रेझर, तशीच लांब दांडी, पातं अजून कागदात. ते पलंगावर बसले. तो कधी आणला, कुठल्या बसने, कुठला सदरा घालून, काहीच डोळ्यांपुढे येईना. विसरलेल्या गोष्टीचं निदान एखादं टोक तरी हाती लागतं. इथे काहीच नव्हतं.

“अहो, कुठे गेला होतात?” बाहेरून जयलक्ष्मीबाईंनी विचारलं.

“इथंच. पाय मोकळे करायला.”

त्यांनी दोन्ही खोके मागे सारले. पुढच्या दिवसांत ते स्वतःवर पाळत ठेवू लागले. दंडावर जांभळे डाग उठले होते. फाटकाला लागलं असेल, असं त्यांनी बायकोला सांगितलं. दात घासताना चूळ लालसर येई, ती ते नळ मोठा सोडून वाहवून टाकत. गोळी स्वतः घ्यायची, ही त्यांची अट होती. जयलक्ष्मीबाई ‘घेतली ना?’ म्हणाल्या की ते चिडत. चिडायचे आणि आत जाऊन घ्यायचे. आधी घेतली होती की नाही, याची खात्री मात्र त्यांना नसे.

वास्तुशांतीच्या सकाळी त्यांनी न्हाणीघराला कडी घातली. सरळ हात सुरेख झाला. पातं गालावरून लोण्यासारखं सरकलं. त्यांनी पुन्हा फेस लावला, मान वर केली आणि जबड्याखालून हात उलटा घेतला. दुखलं काहीच नाही. फेसात फक्त एक गुलाबी रेघ उमटली.

त्यांनी तुरटी लावली. रेघ पुन्हा उमटली. पंचा दाबून धरला, सोडला, पुन्हा धरला. जखम तांदळाच्या दाण्याएवढी, आणि रक्त थांबायचं नाव घेईना. बनियन भिजला तसे ते स्टुलावर बसले.

“अहो, रिक्षा आली. झालं का?”

त्यांना उत्तर द्यायचं होतं. पण रिक्षा कशाला बोलावली, हेच त्यांना आठवेना. फेस, पंचा, लाल झालेली बोटं, आणि दाराबाहेर वाट बघणारी बायको. आज कुठे जायचंय?

“जया,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी कडी काढली.

रिक्षा नवनगरऐवजी दवाखान्यात गेली. पूजेची जरीची साडी तशीच नेसून सावनी धावत आली. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “रक्त फारच पातळ झालंय. गोळी रोज एकच घेता ना?”

“एकच,” प्रभंजनराव म्हणाले. नंतर त्यांनी सावनीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा उतरला होता. “नाही. बहुतेक घेऊन पुन्हा घेतो. मला आठवत नाही.”

जयलक्ष्मीबाईंनी पंच्यातून त्यांचा हात सोडवून आपल्या हातात घेतला. मग प्रभंजनरावांनी दुकानाची गोष्ट सांगितली, धोतरांमागच्या खोक्याची सांगितली, आणि मघाशी न्हाणीघरात काय झालं तेही. कोर्टात साक्ष द्यावी तसं, एकेक वाक्य स्पष्ट.

“गळ्याला कापलं म्हणून कळलं तरी,” डॉक्टर म्हणाले. “हाच रक्तस्राव डोक्यात झाला असता तर…” ते थांबले. मग विसरण्याच्या तपासण्या त्यांनी लिहून दिल्या. बरं होईल, असं ते म्हणाले नाहीत.

इंजेक्शनने रक्त आटोक्यात आलं. गोळ्या जयलक्ष्मीबाईंकडे गेल्या. आता त्याच त्यांची दाढी मशिनने करून देतात. एका दुपारी ती चालली असताना त्यांनी बायकोचं मनगट धरलं.

“विसरलो की मला सांगत जा. माझं मन राखायला गप्प बसू नकोस.”

“सांगेन.”

“शब्द दे.”

“दिला.”

त्यांचं समाधान झालं. चहा घेऊन ते अंगणात बसले, रस्त्यावरच्या रिक्षा बघत. ऊन उतरल्यावर त्यांनी बायकोला हाक मारून जवळ बसवलं.

“जया, एक मागायचं होतं,” ते म्हणाले. “विसरलो की मला सांगत जा.”

जयलक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. शब्द आताच पाळायचा होता. त्यांचे ओठ हललेही.

“सांगेन,” त्या म्हणाल्या.