एक वेढणं, एक वाटी

कोलोनच्या युनिव्हर्सिटीत मी तेव्हा एका मेलेल्या चलनपद्धतीवर संशोधन करत होते. एकोणिसाव्या शतकात काही सरकारं सोन्याची आणि चांदीची, अशी दोन्ही नाणी पाडत आणि एका सोन्यामागे किती चांदी, हे कायद्यानं ठरवून टाकत. बाजार काही कायद्याला विचारून चालत नाही. चांदी घसरली की लोक सोनं दडवत आणि देणी चांदीत भागवत. मला त्यांची गंमत वाटायची. माझं त्यात काही अडकलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पुण्याहून बाबा आले, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईची बोरमाळ टेबलावर ब्रोटशनच्या, म्हणजे न्याहारीच्या छोट्या पावांच्या, पिशवीशेजारी ठेवली.

"ही तुझी. ताईला सांगून आलोय."

माळ कशाच्या बदल्यात, ते विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे दर पाडव्याला मुलींसाठी खरेदी व्हायची. ताईला सोन्याचं एक वेढणं, मला चांदीची एक वाटी. पहिल्या वर्षी दोन्हींची किंमत सारखी होती, म्हणून बाबांनी ते प्रमाण ठरवलं, आणि मग ते काही बदललं नाही. सोनं चढत गेलं, माझ्या वाट्या पार मागे पडल्या. घरात यावर कुणी चकार शब्द काढला नाही. ताई माझी लाडकी होती, आणि वाट्या घासूनपुसून कपाटात होत्या.

"मला नको," मी म्हणाले. उगाच संताप आला होता. इतक्या वर्षांनी हा विषय कशाला?

बाबांनी माळ मागे घेतली नाही. "तुझ्या त्या सरकारांनी शेवटी काय केलं?"

"जर्मनीनं सोनं धरलं. चांदी मोडीत काढली."

"आणि ज्यांच्याकडे चांदीच होती ते?"

"त्यांचं नुकसान झालं. हो, पण तो काळच..."

बाबा माळेकडे बघत बसले होते. आई गेल्यापासून ते फारच वाळले होते, आणि मला एकदम भरून आलं.

"अहो बाबा, चांदी मीच मागितली होती. सराफाकडे वाटी मोठी दिसली, म्हणून हट्ट धरून बसले. आठवतंय ना?"

"तू सहा वर्षांची होतीस," बाबा म्हणाले. "भाव मला कळत होता."

माळ मी ठेवून घेतली.