समोरच्या खुर्चीतला अन्वर

आष्टीला एका दुकानदाराकडे बसलो होतो. फोनवर अन्वरचं नाव दिसलं म्हणून उचलताच म्हणालो, "निघालोच रे." पलीकडे त्याची मुलगी सना होती. "काका, अब्बू राह्यले न्हाई…" आणि मी काय बोलावं? म्हणालो, "अगं, तो बँकेत गेलाय." जणू तिचीच काहीतरी चूक झाली होती. सकाळी हा माणूस कारखान्यात माझ्याशी वाद घालत होता. अर्धा चहा ठेवून बँकेत गेला, तिथल्या पायरीवर बसला आणि संपला. डॉक्टर हृदयाचं काहीतरी सांगतात. काही आठवडे उलटले, तरी मी अजून त्या पायरीपर्यंत पोचलेलो नाही.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा फवारणी पंपांचा छोटा कारखाना, दोघांच्या भागीदारीतला. यंत्रं मी बघायचो. सुरुवातीला पत्रंही मीच लिहायचो आणि भांडायला बसल्यासारखी लिहायचो. एकदा व्हॉल्व्हचा माल उशिरा आला म्हणून मी पुरवठादारावर दोन पानं झाडली. अन्वरनं ती उचलली, टेबलाला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आता मी व्हॉल्व्हवाला." वाचता वाचता त्याचा चेहरा आधी उतरला, मग तापला. कागद ठेवून तो सरळ चालता झाला. मला वाटलं, गंमत करतोय. पण बराच वेळ पत्ताच नाही. बाहेर जाऊन बघतो, तर गडी टपरीवर निवांत चहा पितोय. "मी गेलो ना? तो बी असाच जाईल. मंग व्हॉल्व्ह काय मातीचे करशील?"

तेव्हापासून शिरस्ताच पडला. पत्र लिहून झालं की अन्वर त्या खुर्चीत जायचा. उजवा हात ढिला झालेली खुर्ची, दुरुस्त करू म्हणता म्हणता राहून गेलेली. पत्र ज्याला जायचं त्याचा स्वभाव अंगात घ्यायचा आणि वाचायचं. नियम साधे. तारीख आणि मागच्या पत्राचा संदर्भ वर, विषय एका ओळीत, काम पहिल्याच वाक्यात. "समोरचा दुकानात उभ्यानं वाचून राह्यला असतो, त्याला ताटकळत ठेवू नको." शेवटी काय हवं ते स्वच्छ मागायचं. आणि एका पत्रात एकच काम. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा तो मालाच्या पत्रात घुसवू द्यायचा नाही, त्यांना वेगळं पाकीट. मी फार चिडवायचो त्याला यावरून.

जाफराबादचे म्हस्के आमचे अगदी पहिले विक्रेते. ते एकदा कारखान्यात आले असताना अन्वरनं चक्क त्यांनाच उठवलं होतं. "भाऊ, जरा उठा, मला तुमच्या जागी बसू द्या." या हंगामात आमचे पंप गळायला लागले, दुकानात भांडणं व्हायला लागली आणि म्हस्के कडाडले, सगळा माल परत पाठवतो आणि दुसऱ्या कंपनीचा ठेवतो. त्यांना तोडणं म्हणजे जाफराबाद तालुका तोडणं. त्या सकाळी अन्वर म्हस्के होऊन माझं पत्र वाचत होता. "दुसरा पॅरा पटत न्हाई."

"का? काय चुकलंय त्यात?"

"आल्यावर सांगतो. बँकेत गर्दी होईल." एवढं बोलून तो गेला. संध्याकाळी मी त्याला माती देऊन आलो.

पुन्हा कारखाना उघडला तेव्हा पत्र टेबलावर तसंच होतं. दुसरा पॅरा मी कितीदा वाचला, मला त्यात काही वावगं दिसेना. शेवटी उठलो आणि मन घट्ट करून त्या खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांत तिथं कधी बसलो नव्हतो. म्हस्के व्हायचा प्रयत्न केला. समोर ओल्या पाठीनं भांडायला आलेला शेतकरी उभा आहे, आणि हा कारखानदार मला वॉशर कुणी बनवला, त्याचं रबर कसं निघालं, हे ऐकवतोय. मला काय करायचंय त्याचं? अख्खा पॅरा काढून टाकला. तिथं लिहिलं, चूक आमची आहे, आमचा माणूस येऊन पंप बदलून देईल, तुम्ही गिऱ्हाइकाला खुशाल तसा शब्द द्या. खाली अन्वरचं कळवावं म्हणून पेन टेकवलाही होता. पण एका पत्रात एकच काम… त्यासाठी, सगळ्याच विक्रेत्यांना जाईल असा, दुसरा कागद घेतला.

पत्र पोचलं तसा म्हस्क्यांचा फोन आला. "माल परत धाडत न्हाई. अन्वरभाईला सांगा, तुमचं पत्र वाचून राग उतरला."

अन्वर गेल्याचं मी सांगितलं. दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगून ते परत फोनवर आले.

"मंग खुर्चीत बसून कोण वाचलं हे?"

"मीच."

"बराबर वाचलं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसरा कागद अजून टेबलावरच आहे. तारीख घातली आहे. विषय एका ओळीत, 'आमचे भागीदार अन्वर यांचे निधन'. काम पहिल्याच वाक्यात. सगळं त्याच्या नियमानं. रोज तो घेऊन समोर जाऊन बसतो, ढिल्या हातावर कोपर टेकवतो आणि दुकानात उभा असलेला कुणी होऊन पहिलं वाक्य वाचतो. आणि रोज माझ्या तोंडून निघतं, "छे, तो बँकेत गेलाय."