ध्येय : डोंगरमाथ्यावरून, न पडता

मागच्या सीझनमध्ये मी स्नोबोर्डवर जेवढा वेळ उभा राहिलो, त्यापेक्षा जास्त वेळ तो भाड्याने घेण्याच्या रांगेत उभा होतो.

ही तक्रार नाही. रांगेत उभं राहायचा आपल्याला लहानपणापासून सराव असतो. दोन्ही पाय एका फळीला करकचून बांधून बर्फाच्या उतारावरून खाली यायचा नसतो. आमच्या सांगलीत बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळायचा आणि त्यावर कोणी उभं राहत नसे. पण दोन हजार चारच्या सुमारास न्यू जर्सीत, पिस्कॅटवेतल्या आमच्या मित्रमंडळींना एकाएकी हिवाळा आवडायला लागला. (ग्रीन कार्डाची वाट बघून बघून माणूस काहीही करायला लागतो!) शनिवारी पहाटे उठायचं, पोकोनोजच्या डोंगरात जायचं आणि सोमवारी ऑफिसात लंगडत हिंडायचं. कोणी विचारलंच तर सहज सांगायचं, "स्नोबोर्डिंग." लंगडण्यालाही एक प्रतिष्ठा होती.

मागच्या सीझनमधली माझी प्रगती म्हणाल तर अशी. माणसांना डोंगरावर नेणारं ते टांगतं बाकडं असतं ना, चेअरलिफ्ट, त्यावरून उतरताना मी पडलो. पडताना आधाराला शेजारच्या एका काकांना धरलं. काकांनी काकूंना धरलं. (दोघंही अमेरिकन, पण पडताना सगळी माणसं एकाच भाषेत ओरडतात.) लिफ्ट थांबवावी लागली आणि मागची सगळी मंडळी गारठ्यात पाय हलवत लोंबकळत राहिली. हे सगळं झालं कुठे, तर नवशिक्यांसाठी राखलेल्या टेकाडावर! तिथे आमची आठ वर्षांची सई माझ्याजवळ आली आणि अतिशय सभ्यपणे म्हणाली, "बाबा, नो ऑफेन्स, पण नेक्स्ट टाइम मी प्रदीपकाकाबरोबर जाऊ?"

प्रदीप म्हणजे माझा नागपूरचा मित्र. अंगापिंडाने माझ्यासारखाच, खातो माझ्या दुप्पट, पण बर्फावर ठेवला की सरळ खाली जातो आणि हात वर करून थांबतो. मला त्याचं कौतुक आहे. पण बर्फावर आपटलेलं चार दिवसांत बरं झालं, ते 'नो ऑफेन्स' काही बरं होईना. पोरगी पुढच्या सीझनला डोंगरमाथ्यावर जाणार होती, आणि जाणार होती ती प्रदीपकाकाचं बोट धरून.

त्यामुळे उन्हाळ्याच्या सेलमध्ये मी स्वतःचा स्नोबोर्ड विकत घेतला. आता प्रश्न होता ध्येय ठरवण्याचा. आम्ही आयटीतली माणसं. ध्येय ठरवल्याशिवाय आम्हाला साधी शिंकसुद्धा येत नाही. मी मनाशी एक माफक ध्येय ठरवलंही होतं : लिफ्टवरून उतरताना कोणत्याही काकांना न धरणे. तेवढं जमलं असतं तरी मी पेढे वाटले असते. पण मध्ये दसरा आला.

आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. दसऱ्याला सकाळीच तिने शस्त्रपूजन मांडलं. लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, मेधाची विळी, सईचा कॅल्क्युलेटर. मग कोपऱ्यातला माझा बोर्ड तिला दिसला.

"इस्त्रीची फळी का रे ही?"

"आई, स्नोबोर्ड आहे तो."

"शस्त्रात मोडतो का?"

"ह्याच्या पायात असला की मोडतो," स्वयंपाकघरातून मेधा म्हणाली. (मेधा माझी बायको. ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. घरी सॉफ्टवेअर नसतं, पण मी असतो.)

बोर्डाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, पट्ट्याला लिंबू-मिरची लटकली. दुपारी प्रदीप सहकुटुंब श्रीखंड-पुरी हाणायला आला. आपट्याची पानं कुठली मिळायला? मेपलची लाल पानं सोनं म्हणून वाटून झाली आणि प्रदीप पोटावरून हात फिरवत म्हणाला, "मी तर या सीझनला ब्लू रनच मारतो बे!" (बर्फात सोप्या वाटेची खूण हिरवी, त्याहून अवघड ती निळी.)

सईने त्याच्याकडे अशा काही भक्तिभावाने पाहिलं की मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. आणि मी बोलून गेलो, "या सीझनला पहिल्याच दिवशी मी सईला घेऊन पार डोंगरमाथ्यावरून खाली येणार. न पडता!"

पुरी तळायची थांबली.

"न पडता म्हणजे एकदाही नाही?" मेधाने झारा हातात धरूनच विचारलं.

"एकदाही नाही!"

"प्रॉमिस?" सई म्हणाली.

"प्रॉमिस!"

मेधाचं तोंड बघून मी लगेच सावरायला गेलो. "म्हणजे, बर्फ कसा पडतो, हवा कशी असते, त्यावर..."

"काही नाही," आई म्हणाली. "साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे आज. शस्त्रापुढे बसून बोललायस. आता फिरवायचं नाही."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! ऑफिसात ध्येय चुकलं तर मॅनेजरला सांगता येतं की रिक्वायरमेंट बदलली. दसऱ्याला बोललेली रिक्वायरमेंट बदलत नाही.

सराव तर करायला हवा. पण ऑक्टोबरात न्यू जर्सीत बर्फ कुठला? मी घराच्या मागच्या दारात उभा राहून विचार करत होतो. आमच्या टाउनहाउसच्या मागे गवताचा छान उतार होता. आणि गॅरेजात एक निळी ताडपत्री होती. ताडपत्री, त्यावर पाणी, त्यावर भांडी घासायचा लिक्विड साबण! मला माझ्याच बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की मी आईला हाक मारली.

आईने उतार पाहिला, ताडपत्री पाहिली आणि साबणाची अख्खी बाटली ओतली. मी म्हणालो, "अगं, थोडा!" ती म्हणाली, "करायचं तर नीट कर. मोरीत मी घसरले होते तेव्हा एवढासाच साबण होता, तरी केवढी घसरले!"

पूजेनंतर बोर्डाची माळ काढू दिली होती, लिंबू-मिरची नाही. मी पट्टे आवळले, गुडघे वाकवले, हात पसरले. सई पायरीवर बसून बघत होती. तेवढ्यात मेधा भाजीच्या पिशव्या घेऊन घराच्या कडेने आली. तिने ताडपत्री बघितली, फेस बघितला, मला बघितलं आणि नेमका प्रश्न विचारला.

"थांबणार कसा?"

आता सांगतो, हा प्रश्न मला कोणी आधी विचारला असता तर मी ऐकून घेतलं असतं. मी समंजस माणूस आहे. पण तोपर्यंत मी निघालो होतो.

आणि मी पडलो नाही! हे मला आवर्जून सांगायचंय. आयुष्यात पहिल्यांदा मी स्नोबोर्डवर ताठ उभा होतो. ताडपत्री संपली तरी उभा होतो. पुढे ओलं गवत होतं, त्यावर मेपलच्या पानांचा निसरडा थर होता, आणि त्या सोन्यावरून मी असा काही निघालो की मागून सई ओरडली, "गो, बाबा, गो!" लेकीच्या तोंडचे ते शब्द ऐकून माझा ऊर भरून आला. त्याच भरल्या उराने मी डोरिसबाईंच्या अंगणात शिरलो.

डोरिसबाई आमच्या उताराखालच्या शेजारीण. हॅलोवीन जवळ आलं होतं आणि बाईंनी दरवर्षीप्रमाणे अंगण सजवलं होतं. गवताचे भारे, त्यांवर भोपळे, मधोमध एक बुजगावणं आणि झाडाला टांगलेला प्लॅस्टिकचा सांगाडा. भारे बोर्डाने पाडले. भोपळे मी पाडले. बुजगावण्याला मी लिफ्टवरच्या त्या काकांसारखी मिठी मारली आणि आम्ही दोघं तसेच पुढे जाऊन झाडाशी थांबलो. तिथे वरून सांगाडा सुटला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून बसला.

डोरिसबाई धावत बाहेर आल्या. "ओ माय गॉड! आर यू अलाइव्ह?"

माझ्या एका बाजूला बुजगावणं, एका बाजूला सांगाडा, पायाशी लिंबू-मिरची. मला सुचलं ते मी बोललो, "सॉरी, डोरिस. आय अ‍ॅम सेटिंग गोल्स."

बाई गुडघ्यावर हात मारून अशा हसल्या की त्यांचा चष्मा पडला. "कॅन यू डू इट अगेन ऑन हॅलोवीन? द किड्स विल लव्ह इट!"

तोवर आई पोचली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण फुटलेला भोपळा तिला कुठल्याही भाषेत कळतो. तिने डोरिसबाईंना हात जोडले, माझ्याकडे बोट दाखवून कपाळाला हात लावला आणि पदर खोचून भोपळ्याचे तुकडे गोळा करायला लागली. संध्याकाळी त्या भोपळ्यांचे घारगे झाले. ("पाणचट आहे मेला, गूळ जास्त लागला," इति आई.) ताटभर घारगे डोरिसबाईंकडे गेले. त्यांनी ते सिरप घालून खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन भोपळे आणून दिले.

घरात मात्र मेधाने माझ्या ढोपराला आयोडीन लावता लावता निकाल दिला. "तुझ्या ध्येयात थांबण्याचा उल्लेखच नाही."

"पण पडलो नाही ना?"

"नाही पडलास. भोपळे पडले."

बघता बघता जानेवारी आला. आम्ही सगळे पोकोनोजला गेलो. आई माझं जुनं जाकीट, नऊवारी, शाल आणि बूट अशा थाटात, थर्मासभर चहा आणि डिंकाचे लाडू घेऊन खालच्या उपाहारगृहाच्या खिडकीत बसली. मेधा कॅमकॉर्डर घेऊन पायथ्याशी उभी राहिली. पुरावा हवा ना! प्रदीप आपला निळ्या वाटेकडे निघून गेला. सई आणि मी लिफ्टमध्ये बसलो.

लिफ्टवरून उतरताना मी कोणालाही धरलं नाही. खरंच! माझं मूळचं, गरिबाचं ध्येय तिथेच पूर्ण झालं होतं. पण ते विचारतंय कोण?

माथ्यावरूनही एक हिरवी वाट खाली जात होती. सोपी म्हणतात तिला. बोर्ड बांधायला सगळे बर्फात बसतात, तसा मीही बसलो. पट्टे आवळले आणि मग खाली पाहिलं. तिथून ते उपाहारगृह काड्यापेटीएवढं दिसत होतं. मी पट्टे पुन्हा एकदा आवळले.

लोक येत होते, बसत होते, उठत होते, जात होते. मी नुसताच बसलो होतो.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"व्ह्यू बघतोय."

"स्टिल?"

"मोठा व्ह्यू आहे."

सई माझ्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आर यू स्केअर्ड?"

मोठ्या ऐटीत 'छे!' म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या उंचीवर खोटं बोलायलाही दम लागतो. "हो गं," मी म्हणालो. "खूप. तुला दिलेलं प्रॉमिस आठवलं की आणखीनच. तू जा प्रदीपकाकाबरोबर. तो येईलच पुन्हा वर."

सईने वाटेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि धपकन माझ्या शेजारी बर्फात बसली. "मी टू," ती म्हणाली. "लाइक, अ लॉट. प्रदीपकाकाला नको सांगू."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो बापाला शोभणारा नव्हता. लेक घाबरली म्हणून कोणी खूश होतं का? पण मी झालो! इतका खूश झालो की मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "मग बसूनच जाऊ या?"

आम्ही बसून निघालो. ढुंगणावर! बोर्ड पुढे आडवा धरलेला, वेग वाढला की टाचा रोवायच्या. सई किंचाळत होती, मी किंचाळत होतो. वळणावर आम्ही एका झुडपात घुसलो आणि हसता हसता बाहेर आलो. लोक बाजूने सुळकन जाताना अंगठे दाखवत होते. एका काकांनी तर टाळ्या वाजवल्या. (मागच्या वर्षीचे नसावेत.) मी एवढा हसलो त्याला किती वर्षं झाली होती, मला आठवेना.

पायथ्याशी आई खिडकी सोडून बाहेर आली होती. "अगं बाई, बसून खेळायचा खेळ होय हा! मग मलाही जमेल की!"

मेधाने कॅमकॉर्डर बंद केला. मी निकालासाठी तिच्याकडे पाहत होतो.

"वरून खाली, लेकीबरोबर," ती म्हणाली. "आणि बसलेला माणूस पडणार कुठून? पास."

तेवढ्यात प्रदीप हात वर करून झोकात आमच्यापुढे येऊन थांबला. "काय सई, चलते का माझ्यासोबत? वर जाऊ!"

"नो थँक्स, काका," सई म्हणाली आणि तिने माझी बाही ओढली. "बाबा, अगेन! आपण दोघं! प्लीज!"

त्या 'आपण दोघं'साठी मी हिमालयावरूनही बसून उतरलो असतो. मी ऐटीत उठलो, लिफ्टच्या रांगेकडे वळलो आणि मागून गार वारा लागला. जरा जास्तच गार. जरा जास्तच आतपर्यंत. मागे उभ्या असलेल्या साऱ्या मंडळींनी एकदम माना दुसरीकडे फिरवल्या. आईने मुकाट्याने स्वतःची शाल काढली आणि माझ्या कमरेला गुंडाळली.

त्या दिवशी मी आणखी तीनदा वर गेलो, शाल नेसून. पुढच्या सीझनचं ध्येय मी तिथेच, लिफ्टमध्ये बसल्या बसल्या ठरवलं. मोजता येईल असं, स्वच्छ, माझ्या आवाक्यातलं : बोर्ड असला तर असो, पँट मात्र पायथ्यापर्यंत पोचली पाहिजे.