टाईमकीपरच्या कपाळावरचं टेंगूळ

त्या टाईमकीपरच्या कपाळावरचं टेंगूळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा मुलुंडच्या पोलीस ठाण्यात महिला हवालदार होते.

एका लहान कारखान्याच्या गेटसमोरच्या पानवाल्याने आमच्या बीटच्या शिपायाला आधीच कळवलं होतं, की पगाराच्या दिवशी कामगार बायका हजेरी-ओव्हरटाईमचा हिशोब ठेवणाऱ्या टाईमकीपरला सोडणार नाहीत. आम्ही पोचलो तोवर उशीर झाला होता. एका बाईने त्याच्या कपाळावर जेवणाचा डबा हाणला होता. टाईमकीपर तक्रारीवर ठाम होता. मालक म्हणाला, केस झाली तर बाईला कामावरून काढणार.

बाई मालवणकडची, घरात एकटी कमावती. नुकतीच पर्मनंट झालेली. फौजदार साहेबांनी विचारलं तर खाली मान. शेवटी त्यांनी तिचा जबाब घ्यायचं काम माझ्याकडे दिलं. मी तिला मागच्या खोलीत नेलं, चहा दिला आणि काही विचारलंच नाही. मलाही फार बोलायला जमत नाही. चहा संपल्यावर तीच बोलली.

"पर्मनंट झालंय म्हणून चाळीत पेढे वाटलंय. आता ओव्हरटाईम कमी गावता, तां कोणाक सांगू?"

सकाळी सहाला येऊन ती दोन तास जादा काम करायची. रोजंदारीवर होती तेव्हा जादा तासाला सहा रुपये मिळत. महिन्याच्या पगारावर गेल्यावर चारच. मधले दोन रुपये टाईमकीपर खातो, असं तिने ठरवून टाकलं होतं. पर्मनंट होऊन पैसे घटले हे सांगायची लाज वाटून ती गप्प राहिली, आणि राग साठत गेला.

मी साहेबांना सांगून टाईमकीपरला तिच्यासमोर बसवलं. म्हटलं, दोन्ही हिशोब तोंडी करून दाखवा, सावकाश, मला समजेल असे.

तो म्हणाला, रोजंदारीचा रोज चोवीस. आठ तासांनी भागले, तासाला तीन. ओव्हरटाईम दुप्पट, म्हणून सहा. मग हिचा आताचा. मूळ पगार चारशे सोळा, भागिले सव्वीस दिवस, रोज सोळा. तासाला दोन, दुप्पट चार.

"आणि तुमचा स्वतःचा?" मी विचारलं.

"माझाही असाच. मूळ पगारावर." एवढं बोलून तो बोटांवर पुन्हा मोजू लागला. "पण हवालदार बाई, त्या चोवीसात महागाई धरलेली आहे. आमचा महागाई भत्ता तर मी धरतच नाही. आधीच्या टाईमकीपरने असंच शिकवलं होतं."

तिचा भत्ता तीनशे बारा. तो धरून त्याने पुन्हा मांडलं. तासाला साडेतीन, दुप्पट सात.

बाई पुढे सरकली. "म्हणजे मेल्या, तुजे पण कापले?"

तो कपाळ चोळत हसला. तक्रार त्याने तिथेच मागे घेतली.

पगाराचा वाद सोडवणं पोलिसांचं काम नव्हे, हे साहेबांनी मालकाला स्पष्ट सांगितलं. पण कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात विचारून या, हेही सांगितलं. मालक आधी तणतणला, मग विचारून आला. भत्ता धरावाच लागतो, असं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यापासून दर सात झाला, मागची बाकीही हप्त्यांनी मिळाली. बाईची नोकरी टिकली.

तिचा राग खोटा नव्हता, फक्त चुकीच्या माणसावर निघाला होता. त्यानंतर भांडणाची तक्रार आली की शक्य तिथे मी दोघांना एकाच बाकावर बसवत असे, आणि कोणी केलं हे विचारण्याआधी काय झालं ते विचारत असे. उठताना पुष्कळदा ती माणसं बरोबरच बाहेर पडत.