लाह्यांची ज्वारी

नातवंडं मक्याच्या लाह्यांना पॉपकॉर्न म्हणतात आणि पाकीट फोडून खातात. खाऊ देत बापडी. आमच्या लाह्या ज्वारीच्या, आणि त्यांना दोन दिवस लागायचे.

महाराष्ट्र नुकता झाला होता. मी अकरा वर्षांची, धाडजवळच्या आमच्या खेड्यात. त्या नागपंचमीला माय मला लाह्या फोडायला शिकवणार होती. पण उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि ते काम नव्या वहिनीकडे गेलं. वहिनी देऊळगाव राजाच्या दुकानदाराची लेक. पहिल्या पंचमीला ती माहेरीच जायची, पण नाल्याला पूर आला, एसटी बंद पडली आणि भाऊ न्यायला येऊ शकला नाही. बिचारी आधीच हिरमुसलेली. मला मात्र तिचा रागच होता.

ज्वारीवर गरम पाणी ओतायचं, लगेच निथळायचं, फडक्यात बांधून रात्रभर ठेवायची. वहिनीला एवढं मायनं सांगितलं आणि ती गोठ्यात गेली. वहिनी मोठ्या रांजणाशी वाकली.

"बाई, हीच घेऊ ना?" तिनं मला विचारलं.

त्यात भाकरीची टपोरी ज्वारी होती. लाह्यांची बारीक, कडक ज्वारी कोपऱ्यातल्या मडक्यात असायची. मी मान डोलावून म्हणाले, "हाव."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पंचमीच्या आदल्या दिवशी, कढई चांगली तापली. वहिनीनं मूठभर दाणे टाकले, फडक्याच्या बोळ्यानं भराभर फिरवले. दोन-चार फुटले, बाकीचे नुसते करपले. पुन्हा मूठभर टाकले, पुन्हा तेच. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं. पंचमीला आमच्याकडे चुलीवर तवा-कढई चढत नाही, आणि नवी ज्वारी मुरायला रात्र हवी. म्हणजे नव्या सुनेच्या पहिल्याच पंचमीला नागोबापुढं लाह्या नाहीत.

मायनं दाणा उचलून दाताखाली धरला. "कोणत्या मडक्यातली घेतली वं?"

"रांजणातली."

"लाह्याची येगळी राह्यते, हे बी ठाऊक नाही तुले? इचारलं काऊन नाही कोणाले?"

मी खांबाला धरून उभी होते. आता माझी पाठ सोलून निघणार, याची मला खात्री होती. वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. "नाही इचारलं."

मायनं शेजारणीकडून सूपभर लाह्या मागून आणल्या. नैवेद्य झाला, पण ती गोष्ट गावभर झाली. पुढची कित्येक वर्षं बाया पंचमीला वहिनीला चिडवायच्या आणि ती हसून घ्यायची. मी मूग गिळून बसायची. खरं सांगायला माझी जीभ कधी रेटलीच नाही, याची लाज मला अजून वाटते.

माझं लग्न लोणारला ठरलं. निघायच्या वेळी वहिनीनं माझ्या पेटीत लुगड्यांखाली एक पुरचुंडी सरकवली. मी चाचपून पाहिली. बारीक, कडक दाणे.

"ही लाह्याचीच हाये," ती हळूच म्हणाली. "तिकडं कोणाले इचारायची पाळी नको याले तुमच्यावर."

मी तिच्या गळ्यात पडून जे रडले, ते दादाला मला सोडवावं लागलं. बायांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून रडते.