उपवासाच्या पिठाची पहिली ऑर्डर

मी जन्माची भित्री. पाल चुकचुकली तरी मनात दहा शंका. अशा बाईनं धंदा वाढवायला निघावं, हीच मुळात गंमत.

साखऱ्यात आमची पिठाची एक चक्की आहे. नवरा टेम्पो चालवतो, चक्की मी बघते; माझ्याआधी वीस वर्षं सासूनं बघितली. सेनगावच्या एका किराणा दुकानदारानं नवरात्रासाठी उपवासाच्या पिठाची पन्नास पाकिटं मागितली, तेव्हा सासू म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावं बाई. चक्की एक, अन् लाइटीचा भरवसा न्हाई." मी ऐकलं नाही. मोठं गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय दुसरी चक्की घेता येत नव्हती, आणि दुसरी चक्की असल्याशिवाय मोठं गिऱ्हाईक टिकणार नव्हतं. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून भीत भीत हो म्हणून बसले.

उपवासाचं दळायची आमच्याकडे एक रीत आहे. ज्वारी दळून झाली की चक्की झाडायची, मग दोन मुठी भगर टाकायची आणि ते पीठ गाईला घालायचं. दगडांत अडकलेली ज्वारी त्यात निघून जाते. त्यानंतरचं पीठ उपवासाला चालतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी लाइट आली तीच दुपार टळल्यावर. दारात ज्वारीच्या डब्यांची रांग. ती संपवून लाइट जायच्या आत भगर दळली, पाकिटं भरली आणि सकाळच्या पहिल्या जीपनं पाठवून दिली. मग गाईकडे गेले, तर तिच्या पाटीला पिठाचा कण नाही. त्या दोन मुठी मी टाकल्याच नव्हत्या.

पुढच्या जीपनं दुकान गाठलं. सगळं सांगितल्यावर दुकानदार हसायला लागला. "ताई, कोणाला कळून राहिलं? एवढं भिऊन धंदा व्हत न्हाई."

खरंच कुणाला कळणार नव्हतं. पाकिटं परत नेली की हे दुकान तुटलं आणि दुसरी चक्कीही गेली, हे मला दिसत होतं. तरी पोतं उचललं. मोठी सत्यवादी म्हणून नव्हे. नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या बायकांची मला धास्ती वाटली. दोन पाकिटं आधीच विकली गेली होती. कुणी नेली ते त्याला आठवेना.

घरी आले तर सासू भाकर खाऊन हात धूत होती. उरलेलं पीठ मी डब्यात ठेवलं होतं, त्याचीच भाकर. तिचं नवरात्र तिच्या एकुलत्या लेकासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी. लहानपणी तो तापातून वाचला तेव्हाचा नवस, एकदाही न मोडलेला. मला गप्प बसता आलं असतं. मी सांगून टाकलं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ओल्या हातानं पदर धरून ती एवढंच म्हणाली, "पोरगं गाडी घेऊन वारंगा फाट्याकडं गेलंय. फोन लाव त्याला."

ज्वारीच्या चिमूटभर पिठानं कुणाला काही होत नाही, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी फोन लावला. फोन नुसता वाजत राहिला. त्यानं उचलला नाही. सासूनं माझं मनगट घट्ट धरलं आणि मी परत लावला.