आमचा बहिऱ्या

ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, माहेरीही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या वैशाखरे गावचे नाही — आणि माझ्या सासूबाईंना ओळखत नाही. ओळखत असता, तर माझी जीभ रेटली नसती.

आमच्या घरी एक सरडा आहे. हसू नका. लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात. आमच्या आईंनी — सासूबाईंना मी आईच म्हणते — सरडा पाळला. शेपूट अर्धी, मागच्या एका पायाला पंजा नाही. नाव बहिऱ्या. तो बहिरा कसा, ते आई येईल-जाईल त्याला सांगतात. तेव्हा मी चहाचं निमित्त काढून आत जाते.

भाताची रोपं करायची त्या जागी आम्ही उन्हाळ्यात शेण, पानांसकट फांद्यांचा टहाळ, पालापाचोळा पसरून भाजतो, तो राब. तोडलेला टहाळ बरेच दिवस वाळत पडलेला असतो. त्यात जीव राहायला येतात — विंचू, सरडे, कधी पाखरंही. म्हणून आईंची रीत अशी, की काडी लावायच्या आधी राब चारी बाजूंनी काठीने बडवायचा. "उठा रे, जा आपापल्या घरी," म्हणायचं. जरा थांबायचं. मगच काडी.

बहिऱ्या घरी आला त्या वर्षी आईंचे गुडघे सुजले होते. त्या बांधापलीकडे आंब्याखाली बसल्या आणि काठी माझ्या हातात दिली. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारून विचारलं, "मारलीस गो काठी?"

"मारली," मी म्हटलं.

मारली नव्हती. घाई होती का? नाही. ऊन होतं, कंटाळा आला होता — बस, एवढंच. कोण बघतंय, असं मनात आलं आणि मी काडी ओढली.

जाळाने जोर धरला आणि आतून तो आला. पळत नव्हता, स्वतःला ओढत होता. आई लंगडत आल्या, त्याला पदरात घेतलं. म्हणाल्या, "एवडी काठी मारली तरी उठला नाय. बहिरा असंल गो बिचारा."

तेव्हा बोलता आलं नसतं का? एका शब्दाचं तर काम होतं. मी तो शब्द गिळला, आणि सरड्याला नाव पडलं.

घरी आणून त्याला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवला, माठाशेजारी. भाजलेल्या जिवाला गारवा बरा, असं आम्हा दोघींनाही वाटलं. पायाला हळद-खोबरेल लावलं. पण तो काही खाईना. आईंनी भाताची शितं ठेवली. मी मुंग्या, वाळवी, नाकतोडे आणले. नाकतोडे त्याच्या पाठीवरून चालायचे आणि तो डोळे मिटून बसायचा. पोट पार खपाटीला गेलं. मी बांधाबांधाने नाकतोडे धरत हिंडायची. शेजारणी म्हणायच्या, ही सरड्याचं बाळंतपण काढते. आणि आई? "माज्या सुनेला मुक्या जिवाची लय माया," असं सगळ्यांना सांगायच्या. मी ते कौतुक ऐकून घेतलं. माया होती का ती? आधी नुसती भीती होती — हा मेला तर मीच मारला. माया नंतर आली. पण आली, हे खरं.

मग एकदा कुंपणावरचे सरडे बघताना ध्यानात आलं — हे सकाळी आधी ऊन खातात, मग किडे. पण जाळातून निघालेल्याला पुन्हा उन्हात ठेवायचं? माझी हिंमत होईना. शेवटी एका सकाळी त्याला अंगणातल्या तापलेल्या पाट्यावर ठेवलाच. बराच वेळ नुसता पसरून होता. मग अंगावर पिवळसर रंग चढला, मान वर झाली. मी नाकतोडा पुढे धरला — आणि त्याने तो माझ्या बोटांतून घेतला. मी तिथेच फतकल मारून रडले.

"खाल्ला का गो?" आईंनी आतून विचारलं.

"खाल्ला." हे तरी खरं होतं.

त्या बघायला बाहेर आल्या. त्यांची काठी उंबऱ्यावर वाजली, आणि त्याने झटकन मान तिकडे वळवली. त्याला ऐकू येत होतं. चांगलं ऐकू येत होतं. आईंचं लक्ष त्याच्या भरलेल्या तोंडाकडे होतं. मी तेव्हाही बोलले नाही.

आता आईंचा काठीवर भरवसा राहिलेला नाही. नुसतं बडवून भागत नाय, एकादा बहिरा असतो, म्हणतात. राब पेटवायच्या आधी एकेक टहाळ हाताने उचलून खाली बघतात. गुडघे वाकत नाहीत, म्हणून बसून, जमिनीवरून सरकत सरकत. अख्खी सकाळ जाते. यंदा मी म्हटलं, "आई, तुम्ही सावलीत बसा, मी एकटी बघते."

"तू काय कमी बघितलंस का तवा?" त्या म्हणाल्या. "काठी मारलीस तरी राहिला ना एक. तुजा काय दोष गो?"

आणि पुढे सरकल्या. मी त्यांच्या बाजूचा टहाळ उचलला.